गाडी घ्या, पण भरणार काय?

परभणीत झाडांची छाटणी करणारे, बंगल्यांच्या आणि शाळांच्या आवाराची निगा राखणारे लोक भाड्याच्या टेम्पोला कंटाळले, की स्वतःच्या गाडीचा विचार करू लागतात. शोरूममध्ये नजर जाते ती मोठ्या पिकअपवर. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. मी एवढेच विचारतो : गाडीत भरणार काय?

कडुनिंबाच्या फांद्यांनी हौदा शिगोशीग भरतो, वजन मात्र बेताचेच. तिथे मोठे इंजिन नको, उंच जाळी हवी. ओल्या ओंडक्यांचे उलटे. हौदा अर्धाही भरत नाही तोच गाडीचे पाटे दबतात. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, साधारण पाऊण टनाचा. फांद्या, शिडी, गवत कापायचे यंत्र यांना तो पुरतो. क्वचित निघणाऱ्या ओंडक्यांसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली भाड्याने आणावी. केबिनमध्ये चालकाशेजारी एकच माणूस मावतो. उरलेले मजूर फांद्यांच्या ढिगावर बसून जातात, ते मात्र पाहवत नाही. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च हिशेबात आधीच धरावा.

साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा मालकाने स्वतःच गाडी चालवली, तर एक पगार वाचतो.

मृगाआधी छाटणीची झुंबड उडते. हप्ता मात्र बाराही महिने दारात उभा. तो रिकाम्या महिन्याच्या कमाईवर बेतावा. जुनी गाडी घेणार असाल, तर हौद्याचा पत्रा खालून पाहा. ओल्या पाल्याने तो आधी तिथेच सडतो.