हिऱ्याच्या खाणीत वाटा कोणाचा?

वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये कच्च्या हिऱ्यांची पुडी उघडली जाते, तेव्हा व्यापाऱ्याची नजर वजन, रंग आणि दोष यांवर असते. ती पुडी दक्षिण आफ्रिकेतून आलेली असेल, तर तिच्यामागे वंचितांच्या आर्थिक सबलीकरणाचा एक कायदाही उभा असतो. पालनपूर आणि अन्य ठिकाणच्या जैन कुटुंबांचा या व्यवसायातील वाटा पाहता, त्या कायद्याची ओळख आपल्या घरांत असणे अगत्याचे आहे.

किंबर्लीच्या खाणींत राबणारे बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय होते, मालकी गोऱ्यांची. १८८०च्या दशकात मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणबंद वसाहतीत डांबून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि चोरीच्या संशयाने त्यांची अंगझडती होऊ लागली. १९२६च्या कायद्याने खाणीतील कुशल कामाची प्रमाणपत्रे कृष्णवर्णीयांना आणि आशियाईंनाही नाकारली. ऑरेंज फ्री स्टेट या प्रजासत्ताकाने तर १८९१ मध्येच भारतीय व्यापाऱ्यांना दारे बंद केली होती. (पुढे तीनच वर्षांनी, १८९४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील तरुण बॅरिस्टर गांधी आपल्या धर्मशंका पत्राने श्रीमद् राजचंद्रांना विचारत होते, आणि राजचंद्र हे मुंबईतील हिरे-मोत्यांचे व्यापारी होते, हा योग लक्षणीय आहे.)

१९९४ मध्ये वर्णद्वेषी राजवट संपली. २००२च्या कायद्याने भूगर्भातील खनिजे राष्ट्राची ठरली आणि त्यासोबतच्या सनदेने खाणकंपन्यांना २०१४ पर्यंत २६ टक्के मालकी वंचितांकडे देण्याचे लक्ष्य घातले. २००३ मध्ये सर्वच उद्योगांना स्पर्श करणारा व्यापक सबलीकरणाचा कायदा झाला. मालकी, व्यवस्थापन, कौशल्यशिक्षण, खरेदी यांसाठी गुण दिले जातात. खासगी दुकानावर थेट सक्ती नाही. परंतु सरकारी परवाना वा कंत्राट हवे असेल, तर गुण पाहिले जातात. मोठ्या कंपनीचे गुण तिला माल पुरवणाऱ्यांच्या गुणांवरही अवलंबून असल्याने हा दाब साखळीतून छोट्या पुरवठादारापर्यंत उतरतो.

या कायद्याच्या ‘कृष्णवर्णीय’ या व्याख्येत तेथील भारतीयही येतात. मात्र ते जन्माने वा वंशाने त्या देशाचे नागरिक असावेत, अथवा २७ एप्रिल १९९४ पूर्वी नागरिकत्व मिळालेले असावेत. म्हणजे डरबनच्या गिरमिटिया मजुराचा पणतू लाभास पात्र आहे. त्यानंतर मुंबईहून जाऊन पेढी थाटणारा व्यापारी नाही. त्याला स्थानिक भागीदार शोधावा लागतो, आणि येथेच मोह उभा राहतो. कागदावर एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव घालायचे, त्याला ना हिशेब दाखवायचा ना नफा द्यायचा, हा प्रकार तेथे इतका बोकाळला की २०१३च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरवला: दहा वर्षांपर्यंत कारावास, कंपनीला उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. नावापुरता भागीदार ठेवणे ही चतुराई नसून असत्य आणि अदत्तादान दोन्ही आहे, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागू नये.

खऱ्या भागीदारीचा अनुभवही सरळ नाही. डी बीअर्सने दक्षिण आफ्रिकेतील आपल्या कंपनीचा २६ टक्के हिस्सा पोनाहालो या गटाला दिला. त्याचे नेतृत्व एका माजी प्रांतप्रमुखाकडे होते. सोबत कामगारांचे आणि निवृत्तांचे न्यासही होते. अशा व्यवहारांत हिस्सा बहुधा कर्जाने घेतला जातो आणि कर्ज लाभांशातून फिटेल अशी अपेक्षा असते. २००८ मध्ये जगाचा बाजार कोसळला, हिऱ्याचा भाव उतरला, आणि अशा मालकांच्या हाती लाभांशापेक्षा व्याजच अधिक उरले. राजकीय ओळखी असलेल्या मोजक्या लोकांनाच फायदा झाला, ही टीका तेथील कृष्णवर्णीय विचारवंतही करतात, आणि ती मला रास्त वाटते.

मालकीइतकाच प्रश्न कामाचा आहे. हिरा देशाबाहेर जाण्यापूर्वी त्याला तेथेच पैलू पडावेत, म्हणून निर्यातीपूर्वी कच्चा माल जोहान्सबर्गजवळच्या सरकारी केंद्रात स्थानिकांपुढे मांडण्याचे बंधन आले. सरकारी खरेदीदार संस्थेला खाणीच्या उत्पादनातील दहा टक्क्यांपर्यंत माल घेण्याचा हक्क मिळाला, कच्च्या हिऱ्यावर पाच टक्के निर्यातकर बसला. तरीही घंट्या वाढल्या नाहीत. एके काळी हजारोंनी मोजले जाणारे तेथील कारागीर आता शेकड्यांवर आले आहेत.

याचे मोठे कारण सुरत आहे. तेथे लहानातल्या लहान हिऱ्यालाही इतक्या अल्प मजुरीत पैलू पडतात की जोहान्सबर्गच्या कारागिराला तो खडा हाती घेणेही परवडत नाही. त्या मजुरीवर सौराष्ट्रातील लक्षावधी घरे जगली आहेत, तेव्हा सुरतेला दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्या नफ्याचा एक भाग दुसऱ्या देशातील गरिबाच्या न मिळालेल्या रोजगारातून आला आहे, हेही नाकारता येत नाही.

परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या कुटुंबांत या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः कायद्याच्या गुणपत्रकात कौशल्यशिक्षणाला स्वतंत्र गुण आहेत, आणि पैलू पाडण्याची विद्या आज सर्वाधिक आपल्याच लोकांकडे आहे. खाणीतील हिस्सा विकत घेण्याला कोट्यवधींचे कर्ज लागते. घंटीवर हात बसवायला दोन-तीन वर्षे आणि एक जाणता कारागीर लागतो. तेथे पेढी असलेल्यांनी सुरतेचा असा एखादा जाणता कारागीर शिकवण्यासाठी नेला, तर परवान्याचे गुणही मिळतील आणि तिकडच्या चार घरांत चूलही पेटेल.