खलाशाची विश्रांति

छत्रपती संभाजीनगराहून मुंबईचा समुद्र गाठावयाचा तर ३०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. तथापि वाळूजच्या कारखान्यांतील माल परदेशीं जातो तो बहुधा जहाजानेंच. तो वाहून नेणारीं माणसें किती तास राबतात व किती तास झोपतात, हा प्रश्न म्हणूनच या शहरासही परका नाहीं.

मुंबईच्या गिरणीकामगारांस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनीं १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. गिरणीचा भोंगा झाला कीं यंत्र थांबवितां येतें. भर समुद्रांतील जहाज तसें थांबवितां येत नाहीं. त्यामुळें तेथें काम पाळ्यांनीं चालतें. रूढ पद्धति अशी कीं, चार तास पहारा करावा व पुढील आठ तास मोकळें असावें. दिवसांतून असे दोन पहारे, म्हणजे आठ तासांचें काम झालें. परंतु बंदर जवळ आलें कीं हें सोपें गणित विसकटतें. दोरखंड बांधणें, माल उतरविणें, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांस कागद दाखविणें, हें सारें त्या मोकळ्या तासांतच उरकावें लागतें.

कोंकणांतील सारंग, टंडेल व खलाशी यांच्या कित्येक पिढ्या आगबोटींवर खपल्या. पण त्यांच्या श्रमास मर्यादा घालण्याचें काम फार रेंगाळलें. आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ सालीं झाला तो कारखान्यांपुरता. दर्यावर्दी लोकांसाठीं १९२० सालीं जिनोआ येथें निराळी परिषद भरली. तेथें कामाच्या तासांचा ठराव दोन-तृतीयांश बहुमतास अगदीं थोडक्यांत मुकला. पुढें १९३६ व १९४६ सालीं करार संमत झाले, पण ते अंमलांत आलेच नाहींत. अखेर २००६ सालचा सागरी श्रम करार २०१३ सालीं अंमलांत आला. भारतानें त्यास २०१५ सालीं मान्यता दिली व २०१६ सालीं त्याचे नियम केले.

या करारांत दोन मापें आहेत; प्रत्येक राष्ट्रानें त्यांपैकीं एक निवडावयाचें असतें. पहिलें माप कामाचें : २४ तासांत १४ व सात दिवसांत ७२ तासांहून अधिक काम नसावें. दुसरें विश्रांतीचें : २४ तासांत १० व सात दिवसांत ७७ तासांहून कमी विश्रांति नसावी. रोजच्या विश्रांतीचे दोहोंहून अधिक तुकडे करूं नयेत, आणि त्यांतील एक तरी सलग सहा तासांचा असावा. जहाज किंवा माणसें संकटांत असतां कप्तानास हा नियम बाजूस ठेवतां येतो. मात्र संकट टळल्यावर राहिलेली विश्रांति भरून द्यावी लागते.

श्रोत्यांनीं येथें थोडा हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८; त्यांतून ७७ वजा केले तर ९१ उरतात. म्हणजे दुसऱ्या मापानें पहिल्याहून १९ तास अधिक काम घेतां येतें. सहा तास काम व सहा तास विश्रांति ही लहान जहाजांवरील पद्धतिही नियमांत बसते. पण जेवण, स्नान व पाळीची देवघेव यांचा वेळ वगळला तर एका वेळीं पांच तासांचीही झोप पदरांत पडणें कठीण.

अशा अपुऱ्या झोपेचें मोल मोठें असतें. २०१० सालीं ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर ‘शेन नेंग १’ हें कोळशाचें जहाज चढलें. पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास त्यापूर्वीच्या ३८ तासांत अवघी अडीच तास झोप मिळाली होती, असें चौकशींत आढळलें.

नियमानें प्रत्येकाच्या विश्रांतीची रोज नोंद होते व तिची सही केलेली प्रत खलाशास मिळते. माणसें कमी आणि कामें अधिक असलीं कीं ही नोंद खरी ठेवण्याऐवजीं जुळवून घेण्यांत येते, असें माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासांत दिसून आलें. खोट्या नोंदीवर सही करणारा खलाशी आपल्याच तक्रारीचा पुरावा पुसून टाकीत असतो. उलट, खरी नोंद हातीं असेल तर त्यास जहाजावर, तसेंच कोणत्याही करारबद्ध राष्ट्राच्या बंदरांत दाद मागतां येते. आणि तक्रार केली म्हणून त्याचा छळ करण्यास करारानें स्पष्ट मनाई केली आहे. ज्या घरचा मुलगा समुद्रावर आहे, त्या घरानें हा अधिकार त्यास कळवून ठेवावा.