यूपी १६ बरं, की एचआर २६?

दिल्लीला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात विचारणा होते: ‘घर कुठे बघताय, नोएडा की गुडगाव?’ उत्तर जपून द्यावं. राजधानीला चिकटलेली ही दोन शहरं म्हणजे दोन शेजारी देशच. एक उत्तर प्रदेशात, दुसरं हरयाणात. पोलीस वेगळे, वीज कंपनी वेगळी, दारूचे दर वेगळे, गाडीची नंबरप्लेटही वेगळी.

नोएडा हे मुळात गावाचं नावच नव्हे. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ची ती आद्याक्षरं, जन्म १९७६चा, ऐन आणीबाणीतला. गुरुग्राम मात्र थेट द्रोणाचार्यांचं, अशी श्रद्धा. सरकारी पाटीवर हे नाव २०१६ साली चढलं, लोकांच्या तोंडी अजून गुडगावच. नोएडाच्या बाजूलाही पुराण आहेच म्हणा. ग्रेटर नोएडातलं बिसरख हे रावणाचं जन्मगाव मानतात आणि दसऱ्याला तिथे परंपरेने रावण जाळत नाहीत!

आपल्याकडच्या माणसाला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे नोएडाला महापालिकाच नाही. सगळा कारभार प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांकडे. नगरसेवक नाही, म्हणून चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही नाही. गुडगावला महापालिका मिळाली, पण २००८ मध्ये. तोवर बिल्डरांनी हॅमिल्टन कोर्ट, विंडसर कोर्ट अशा विलायती नावांचे टॉवर उभे करून टाकले होते. गटारं मागे राहिली. जुलै २०१६च्या पावसात हीरो होंडा चौकाच्या आसपास लोक रात्रभर गाडीत अडकले, आणि ताज्या ताज्या ‘गुरुग्राम’चं ‘गुरुजाम’ झालं.

नोएडाचे रस्ते रुंद, सेक्टर आखीव, ओखल्याला पक्षी बघायची सोय. मला विचाराल तर सकाळी फिरायला नोएडा आणि पगाराला गुडगाव. पण असं वाटून घेतलं आणि मेट्रोच्या निळ्या लाइनने निघालात, की रोज राजीव चौकात पिवळीवर गाडी बदलणं आलं. नऊच्या गर्दीत तिथे पाय उचलावे लागत नाहीत. पाठीमागचेच आपल्याला जिन्यापर्यंत पोचवतात, फक्त डबा छातीशी धरायचा.

नोएडाची आणखी एक ख्याती: इथे येणाऱ्या मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते. १९८८ मध्ये वीरबहादूर सिंह यांची गेली, तेव्हापासून लखनौची मंडळी बिचकून. योगी आदित्यनाथ डिसेंबर २०१७ मध्ये आले आणि २०२२ साली पुन्हा निवडूनही आले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला नोएडात कुतुबमिनारहून उंच जुळे टॉवर सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी नऊएक सेकंदांत खाली बसले. शेजारच्या रहिवाशांनीच कोर्टात लढून आणलेला निकाल तो. खुर्ची शाबूत, इमारती भुईसपाट.

आता घरची गोष्ट. हे दोन्ही ‘देश’ १८०३ पर्यंत शिंद्यांच्या अमलाखालचे. गुडगावजवळचा झाडसा परगणा बेगम समरूच्या जहागिरीत, आणि बेगम महादजींच्या गोटातली. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेच्या पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवलं. वर्षाअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात सगळा मुलूख कंपनीकडे गेला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आजही नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. तो बघायचा तर गेटवर आधी मेंबरशिप विचारतील.