विश्वाच्या काट्यावर न्यूट्रिनो

पुसदहून हिंगोलीकडे निघाले की पुढे औंढा नागनाथ लागते. देवस्थान जुने, पण 2023 साली केंद्राने इथे होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेसाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले आणि हे गाव भौतिकशास्त्राच्या नकाशावरही आले. विश्वाचा अभ्यास करायचा तर कणभौतिकी शिकावी की खगोल, असा प्रश्न आता आपल्याकडच्या बीएस्सीच्या मुलांना पडला तर नवल नाही. त्यांच्यासमोर मी एक कारकीर्द ठेवीन. रामनाथ कौशिक. जन्म नागपूरचा, 1940 चा. शिक्षण मात्र म्हैसूर आणि धारवाडचे, आणि पुढची उमेदीची वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. निव्वळ जन्मगावाच्या दाखल्यावर त्यांना वैदर्भीय ठरवण्याचा माझा आग्रह नाही.

त्या काळातल्या टाटा संस्थेत कण आणि आकाश ही दोन वेगळी खाती नव्हती. संस्थापक भाभा स्वतः विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम केलेले. 1965 साली संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो या जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांच्या खुणा टिपल्या. अशा संस्थेत कौशिक घडले. 1967 साली यश पाल (दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मुळे घरोघरी पोहोचलेले तेच), टंडन आणि वर्मा यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या प्रवासाचे गणित मांडले. आकाशगंगा म्हणजे गळकी पेटी. किरण आत भटकतात, वाटेतल्या वायूवर आदळतात आणि हळूहळू बाहेर निसटतात. हे चित्र पुढे त्या क्षेत्रातल्या रोजच्या वापरातले झाले.

खरी गंमत 1972 ची. कौशिक तेव्हा बर्कलीत होते. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे की नाही, हेच मुळात ठाऊक नव्हते. प्रयोगशाळा एवढेच सांगू शकत होती की इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो सुमारे 60 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जड नाही. म्युऑन न्यूट्रिनो या दुसऱ्या जातीच्या बाबतीत तर ही मर्यादा दहा लाखांच्याही वर होती. कौशिक आणि त्यांचे सहकारी मॅक्लेलँड यांनी प्रयोगशाळा सोडून थेट विश्वच तोलायला घेतले. एका सरकीचे वजन घरच्या ताजव्यात कळत नाही. पण भरल्या गाडीचे वजन काट्यावर कळले आणि आत सरक्या साधारण किती हे माहीत असले, तर एक सरकी अमुक वजनापेक्षा जड असूच शकत नाही, हे जिनिंगवरचा माणूसही सांगेल. महास्फोटाच्या उष्णतेतून उरलेले न्यूट्रिनो आजही सगळीकडे आहेत. आजच्या हिशोबाने दर घनसेंटीमीटरला तीनशेहून अधिक. ते फार जड असते तर त्यांच्या गुरुत्वाने विश्वाचे प्रसरण केव्हाच मंदावले असते, आणि आज दिसते तेवढे म्हातारे विश्व आपल्याला मिळालेच नसते. उत्तर निघाले 8 इलेक्ट्रॉनव्होल्ट. एकट्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान या मापात 5 लाख 11 हजार आहे. म्युऑन न्यूट्रिनोची मर्यादा एका छोट्या लेखाने लाखपटीहून अधिक खाली आणली, तीही एकही यंत्र न चालवता. न्यायाने हेही सांगायला हवे की 1966 साली सोव्हिएत रशियात गेर्श्टाइन आणि झेल्डोविच यांनी याच वाटेने ढोबळ मर्यादा काढली होती.

1973 साली कौशिक आणि मॅक्लेलँड यांनी धाडसाचे पाऊल टाकले. झ्विकी यांनी 1933 साली दाखवले होते की दीर्घिकांच्या समूहांत दिसणाऱ्या पदार्थापेक्षा गुरुत्व फारच जास्त आहे. हे न दिसणारे वजन न्यूट्रिनोंचे असेल काय? उत्तर चुकले. इतके हलके कण आरंभी इतक्या वेगाने धावतात की लहान गुठळ्या पुसल्या जातात आणि दीर्घिका वेळेत बनत नाहीत. ऐंशीच्या दशकात हे स्पष्ट झाले. पण अदृश्य पदार्थ म्हणजे महास्फोटातून उरलेला, इतरांशी जवळजवळ न बोलणारा एखादा कण असेल, ही कल्पना टिकली. आज जगभर खाणींत आणि बोगद्यांत असे कण शोधले जातात, ते याच विचाराच्या वाटेवर. उमेदवार पडला, मतदारसंघ राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

1992 ते 2003 या काळात कौशिक बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे संचालक होते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे 4,500 मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण याच काळात उभी राहिली. त्याआधी कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला जमिनीखाली पीळतुला टांगून, ज्ञात चार बलांपलीकडच्या ‘पाचव्या बला’चा शोध त्यांनी घेऊन झाला होता. ते बल सापडले नाही. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी जुन्या खनिजांत साठलेला झेनॉन वायू मोजून टेल्युरियम-128 चे अर्धायुष्य काढले. ते विश्वाच्या वयाच्या पाच कोटी कोटी पटीहून अधिक भरले.

सप्टेंबर 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने धावल्याची बातमी दिली: सर्नहून इटलीपर्यंतच्या 730 किलोमीटरांत 60 नॅनोसेकंदांची आघाडी. वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनला निवृत्त करून टाकले. कौशिक, नुसिनॉव आणि सरकार यांनी विचारले, हे न्यूट्रिनो जन्मतात कसे? पायॉन नावाचे अल्पायुषी कण फुटून. मग प्रकाशाहून वेगवान न्यूट्रिनो जन्माला घालताना पायॉनला ऊर्जेची अडचण येईल, तो फुटायला वेळ घेईल, आणि जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो मिळणारच नाहीत. विश्वकिरणांतून तर हजारो पट ऊर्जेचे न्यूट्रिनो नोंदले गेलेले. पुढे दोष सापडला तो नीट न बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीत.

मला कौशिकांचा 2014 चा लेख अधिक आवडतो. विश्वकिरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन, अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होते आणि अनेकांना त्यात अदृश्य पदार्थाची चाहूल लागली होती. त्या पदार्थाला कणाचे रूप देणाऱ्यांपैकी एक असलेल्या कौशिकांनी मात्र जुन्या गळक्या पेटीचेच सुधारलेले गणित घेऊन दाखवले की पॉझिट्रॉनांचा हिशोब नेहमीच्या टकरींतूनही लागू शकतो. स्वतःच्या आवडत्या कल्पनेला फुकटचा पुरावा न देण्याचा हा संयम दुर्मिळ.

1972 चा काटा अजून चालू आहे, फक्त फार बारीक झाला आहे. 2024 साली डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाने तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज 0.07 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या मर्यादेखाली ढकलली. न्यूट्रिनो एका जातीतून दुसरीत बदलतात, त्या प्रयोगांवरून मात्र ही बेरीज 0.06 हून कमी असता कामा नये. दोन्ही आकड्यांत जेमतेम फट उरली आहे, आणि ती मिटली तर चूक काट्यात शोधायची की कणात, यावर वाद आत्ताच सुरू झाला आहे.