आखाजीचा प्रवास, परसबाग आणि आजीची तहान

आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात घरोघरी लगबग सुरू होते. लेकीला आणायला मुराळी निघतो आणि नातवंडे येणार म्हणून आजी-आजोबा परसातल्या आळ्यांना जास्त वेळ देऊ लागतात. अलीकडे तर नातवंडांना आणायला आजी-आजोबाच निघतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट मिळू लागले. तेव्हापासून ही ये-जा वाढल्याचे माझ्या दवाखान्यातही जाणवते.

डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. चार माणसांत मिसळणे आणि मातीत हात घालणे यांनी म्हातारपणी भूक लागते, झोप लागते, सांधे हलते राहतात. काळजी एवढीच, की हे सारे नेमके जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो त्या दिवसांत घडते.

वाचकहो, वयाबरोबर जसे डोळे आणि कान मंदावतात, तशी तहानही मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला कोरड पडत नाही. घामही कमी येतो, त्यामुळे अंग थंड राखणे अवघड जाते. त्यात रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ चालू असेल तर लघवीवाटे पाणी व क्षार अधिकच जातात. ‘तहान लागली की पितो’ हा तरुणांचा नियम साठीनंतर उपयोगाचा नाही.

शिवाय एक कारण असे आहे की ते कोणी मोकळेपणाने बोलत नाही. स्टँडवरची स्वच्छतागृहे आपल्याला ठाऊक आहेत. त्या संकोचापायी कितीतरी आज्या प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातील ७२ वर्षांच्या एक आजी सुरतेहून नातीला घेऊन आल्या. प्रवासात पाणी प्यायल्या नव्हत्या. रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी परसात वांग्या-मिरच्यांना पाणी घालत बसल्या. संध्याकाळी नातीला भलत्याच नावाने हाका मारू लागल्या. घरचे म्हणाले, वय झाले, दगदग झाली, झोपू द्या. पण सुनेच्या लक्षात आले की सासूबाई सकाळपासून लघवीला गेलेल्याच नाहीत. तिने हट्ट धरून रात्रीच त्यांना माझ्याकडे आणले. जीभ कोरडी ठणठणीत, नाडी जलद, वरचा रक्तदाब ९० च्या खाली. सलाईन चालू केले, रक्त तपासले, पाण्याची गोळी काही दिवस थांबवली. दोन दिवसांनी आजींनी नातीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर मूत्रपिंडांवर बेतले असते. उन्हाळ्यात वृद्ध माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले तर ते वय नव्हे, आजार आहे असेच समजावे.

प्रवासात काय करावे?

शक्यतो पहाटेची किंवा संध्याकाळची गाडी धरावी. दर अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच घोट पाणी प्यावे आणि मोठ्या स्टँडवर गाडी थांबली की घरच्या कोणीतरी आजींना सोबत करून स्वच्छतागृहात न्यावे. एवढी सोबत मिळाली तर त्या पाणी टाळणार नाहीत. खाली उतरून थोडे चालल्याने पायांची सूजही कमी राहते. ताक, पन्हे उत्तम. मात्र मधुमेहींनी गूळ-साखर आणि रक्तदाबवाल्यांनी मीठ बेताने घ्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. पाण्याची गोळीही मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

गोळ्या व इन्शुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, गाडीच्या डिकीत नव्हे. मुक्कामी फ्रीज नसेल तर इन्शुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी.

परसबागेत काय सांभाळावे?

बागेचे काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे. झाडांनाही तेच मानवते. वाकून काम करण्यापेक्षा पाटावर किंवा स्टुलावर बसावे आणि उठताना सावकाश उठावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उठताच चक्कर येऊ शकते. मधुमेहींनी अनवाणी मातीत जाऊ नये. तळव्याची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतलेला कळत नाही आणि आठवड्याने जखम चिघळलेली दिसते.

कुंडी किंवा वीट हाताने उचलण्यापूर्वी काठीने सरकवावी. खाली विंचू असू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवून दिले, त्यासाठी जगभर त्यांचे नाव घेतले जाते. उतारा, मंत्र यांत वेळ न घालवता, विशेषतः मूल असेल तर, तडक दवाखाना गाठावा. फवारणीचे औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. सुटीत आलेल्या नातवंडांना त्यातला फरक कळत नाही.

आणि गावाला जाताना कुंड्यांखालच्या ताटल्या पाण्याने भरून जाऊ नका. आठ-दहा दिवसांत तेथे डेंग्यूचे डास तयार होतात. पिंप झाकावे, ताटल्या पालथ्या घालाव्यात आणि झाडांना पाणी घालायला शेजाऱ्यांना सांगावे.

उष्माघात झाल्यास

अंग भट्टीसारखे तापले असेल आणि माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्यास तोंडाने पाणी पाजू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही आणि खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे थांबत नाही.

या सुटीत नातवंडांवर एक काम सोपवा. दर तासाला आजी-आजोबांना अर्धा पेला पाणी नेऊन द्यायचे आणि ते संपेपर्यंत समोर उभे राहायचे. डॉक्टरचे न ऐकणारे आजोबाही नातवाचे ऐकतात, हा माझा अनुभव आहे.