शोभेचे कांदे : सावलीच्या बागेसाठी कोणता कंद विकावा?

कांदा-लसणाचा व्यापार आपल्याला नवा नाही. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला डेंगळे येऊन पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात, हेही आपण पाहतो. याच कुळातील काही कंद युरोपात केवळ फुलांसाठी विकले जातात. तिकडे त्यांना ‘एलियम’ म्हणतात. कोकणातील आपले अनेक बांधव इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी जे बागकामात किंवा रोपविक्रीत उतरू पाहतात, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

तेथील घरामागच्या सावलीत दगड रचून बाग करण्याची हौस पुष्कळांना असते. ग्राहक विचारतो, येथे कोणता कंद लावू? दुकानात मोठ्या जांभळ्या चेंडूसारख्या फुलांचे चित्र असते, तेच तो उचलतो आणि फसतो. कारण हे मोठे कांदे बहुतेक मध्य आशियातील कोरड्या, उघड्या डोंगरउतारांवरचे. फुलून गेल्यावर त्यांना ऊन आणि कोरडी जमीन लागते. सावलीत माती ओली राहते व कंद कुजतो.

म्हणून कंद विकण्यापूर्वी त्याचे मूळ गाव विचारावे. स्पेन व दक्षिण फ्रान्समधील ‘एलियम मोली’ अर्धवट सावलीत चालतो. उंची सुमारे एक फूट, फुले पिवळी, चांदणीसारखी. उत्तर अमेरिकेतील ‘एलियम सर्नुअम’ची गुलाबी फुले खाली झुकतात. तोही थोडी सावली सोसतो. मात्र दिवसभर काळोख असेल, तर दोन्ही फुलणार नाहीत.

दगडकाम करणाऱ्या कारागिरांनीही लक्ष द्यावे. दगड नुसते मातीवर ठेवू नयेत, निदान तिसरा हिस्सा गाडावा. मधल्या मातीत बारीक खडी मिसळावी, म्हणजे पाणी साचत नाही. कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावा.

आता खरी गोम. गर्द सावलीत सर्वांत जोमाने वाढणारे कांदेच सर्वांत त्रासदायक असतात. जंगली लसूण, म्हणजे ‘एलियम अर्सिनम’, लहान बागेतील नाजूक रोपे झाकून टाकतो. तीनधारी देठाचा ‘एलियम ट्रायक्वेट्रम’ तर कुंपण ओलांडून पसरतो. इंग्लंड व वेल्समध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत तो 2010 साली घालण्यात आला. तेव्हापासून तो रानात लावणे किंवा पसरू देणे हा गुन्हा आहे.

असा कंद ‘हमखास येतो’ म्हणून लगेच खपेल. पण दोन वर्षांनी तोच ग्राहक शेजाऱ्याची तक्रार घेऊन दारात उभा राहील. मालाचा गुण सांगताना त्याचा दोषही सांगावा. एखादी विक्री हातची जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.