हैदराबादचे क्षारयुक्त पाणी आणि गिझरचे वीजबिल

नोकरीनिमित्त हैदराबादला गेलेल्या गोमंतकीयांना तेथील पाण्याची ओळख न्हाणीघरातच होते. नळांवर पांढरी पुटे चढतात, साबणाला फेस येत नाही. शहराला कृष्णा, गोदावरी व मांजरा या नद्यांचे पाणी मिळते; परंतु अनेक गृहसंकुले कूपनलिका आणि टँकरवरही अवलंबून असतात. ग्रॅनाइटच्या भेगांतून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतात. आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी सहसा मृदू असल्याने हा अनुभव नवा ठरतो.

पाणी तापले की हे क्षार गिझरच्या कॉइलवर बसतात आणि त्यामुळे वीजबिल फुगते, असा समज आहे. तो फारसा खरा नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता अखेर पाण्यातच जाते. मात्र थरामुळे ती सावकाश जाते, कॉइल अतितप्त होते आणि जळते. म्हणून वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्यावी, आतील मॅग्नेशियमची दांडी तपासून घ्यावी आणि थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवावा. पाणी जितके अधिक तापेल, तितका थर लवकर धरतो.

वीज वाया जाते ती निराळ्याच ठिकाणी. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास साधारण १ युनिट लागते. २,००० वॅटच्या गिझरला अर्धा तास. त्यात थंड पाणी मिसळल्यास आंघोळीच्या जवळजवळ तीन बादल्या भरतात. एकट्या माणसाने एकच बादली घेतली, तर उरलेली ऊब दिवसभरात हवेत विरते. त्याने पंधरा मिनिटेच गिझर चालवला तरी पाणी ४० अंशांपर्यंत तापते आणि वीज निम्मी लागते. थंडीत काही मिनिटे अधिक, इतकेच. जुन्या न्हाणीतील भाणाखालीही लागेल तेवढेच जळण सरकवले जाई.

कुटुंबाने आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात. अर्ध्या इंची १० मीटर नळीत जवळपास २ लिटर पाणी मावते. प्रत्येक खंडात तेवढे गरम पाणी नळीतच निवते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो साठवणीच्या गिझरला तारे देतो, ते पाणी न वापरता नुसते गरम ठेवताना किती उष्णता निसटते यावरून. त्यामुळे अर्ध्या तासात बटण बंद करणाऱ्याला पाच ताऱ्यांचा लाभ थोडा, दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्याला अधिक.

मात्र कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साचू देऊ नये. लीजनेला जिवाणू अशाच पाण्यात वाढतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत तापवावी.